एका प्रकारचं एका जागी

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची! तीन बॅगा, पुस्तकांचं एक खोकं आणि लेबलं छापायचं माझं लाडकं यंत्र एवढ्या सरंजामासह वयाच्या सदतिसाव्या वर्षी मी दुसऱ्यांदा नवी नवरी झाले. नवऱ्याने दारातच मोठ्या ऐटीत माझी सगळ्यात जड बॅग हातातून घेतली आणि लगेच स्वतःच्या पायावर पाडून घेतली. मला हसू आवरेना. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बॅगेकडे बघून फक्त विचारलं, अजून किती सामान यायचंय?

लोक घर बघतात ते दिवाणखान्यापासून, मी बघते ते मोरीपासून. मोरी स्वच्छ निघाली. जाळीत केस नाहीत, साबणाला बुळबुळीतपणा नाही, कंगवे धुतलेले. अर्धी लढाई तिथेच जिंकली. बारा वर्षं हॉस्पिटलच्या औषधभांडारात काढली की माणसाचं नाक भलतंच नाजूक होतं. पाण्याच्या पेल्यावर दुसऱ्याच्या ओठांचा ठसा दिसला तरी माझी तहान मरते. नवऱ्याला हे लग्नाआधीच सांगून टाकलंय, नंतर फसवलं म्हणायला नको.

स्वयंपाकघर, दिवाणखाना, दोन झोपायच्या खोल्या. आणि बोळाच्या टोकाला कुलूप लावलेली पाचवी. ती अडगळीची, असं नवरा म्हणाला आणि घाईने चहाकडे वळला. ती खोली माझ्या चिमणीची होणार आहे. गावोगावची भांडारं लावायच्या माझ्या फिरत्या कामापायी सात महिने ती माझ्या आईकडे राहिली आहे. सात वर्षांच्या पोरीला सात महिने म्हणजे केवढे! पंधरा तारखेला शाळा संपते. त्याआधी खोली रिकामी, धुतलेली, रंगवलेली हवी. बारा दिवस आहेत. याहून मोठं भांडार मी आठवड्यात लावलंय.

बुधवार, ५ तारीख

आज सासूबाईंनी स्वतः कुलूप उघडून खोली दाखवली. दाखवली म्हणजे दार हातभर उघडून मला नाक आत घालू दिलं. आणि नाकाची शिक्षाच झाली. धूळ, ओली वर्तमानपत्रं, जुनं तेल यांचे वास मला ओळखता येतात. त्यांच्याखाली आणखी एक होता. न धुतलेल्या डोक्याचा. आजारी माणसाची उशी नाकाशी धरावी तसा.

बाकी कारभार नमुनेदार आहे. मोडके पंखे, दोरीने बांधलेल्या छत्र्या, गाद्यांच्या वळकट्या, टीव्हीची रिकामी खोकी, सायकलचं एकच चाक, एक्स-रेची पाकिटं, वीस वर्षांची कॅलेंडरं. सगळं छतापर्यंत रचलेलं आणि ढिगांच्या मधून जेमतेम आडवं होऊन जाता येईल अशा वाटा. मी थट्टेने म्हटलं, हे गल्लीबोळ कुणी आखले? सासूबाई म्हणाल्या, मीच.

उद्या त्या मावशींकडे चालल्या आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, आठवडाभर तिकडेच राहणार. जाताना माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या की घरात हवं ते कर, भांडी बदल, पडदे बदल, मला बदल म्हणालीस तरी चालेल, पण त्या खोलीतलं जिथलं तिथे असू दे. मी आल्यावर आपण दोघी मिळून बघू. मी हो म्हटलं. मग नवऱ्याकडे बघितलं, तर तो छताकडे बघत होता.

दोघी मिळून बघू म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. प्रत्येक मोडक्या छत्रीमागे एक आठवण निघणार आणि माझी चिमणी दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपणार.

शुक्रवार, ७ तारीख

कंबर कसली. सासूबाईंच्या कपाटातून किल्ली काढली. हातमोजे, तोंडाला फडकं, तीन रंगांच्या चिठ्ठ्या: ठेवणे, देणे, टाकणे. भांडारातले माझे पहिले साहेब म्हणायचे की गोंधळ म्हणजे दुसरं काही नाही, एका प्रकारच्या वस्तू दोन जागी असणं. एका प्रकारचं एका जागी आणलं की निम्मं काम झालं. चिमणीलाही मी हेच शिकवलंय. चार वर्षांची असल्यापासून ती बटणं रंगांप्रमाणे वाट्यांत लावते आणि हात कमरेवर ठेवून मला बोलावते, आई, बघ!

दिवसभरात भंगारवाल्याच्या तीन फेऱ्या झाल्या. त्याने पंखे, चाक, पत्रे नेले. खोलीत पाय ठेवल्यापासून तो सारखा हाताला हात घासत होता. विचारलं तर म्हणाला, ताई, कसलं तरी बारीक लागतंय बोटांना. बघितलं तर केस. माझ्याही मोज्यांना होते. लांब, मऊ, तपकिरी. उपटून टाकावे तर दुसऱ्या हाताला चिकटायचे. शी!

संध्याकाळी दोनदा अंघोळ केली.

शनिवार, ८ तारीख

आज जे सापडलं ते लिहायचीही इच्छा नाही. पण मी यादी करणारी बाई आहे, यादी करणारच.

गाद्यांच्या वळकटीत खुपसलेला बिस्किटांचा मोठा डबा. झाकणाभोवती चिकटपट्टीचे सात-आठ वेढे. आत केस. विंचरून निघालेल्या गुंत्यांचे गोळे, एकावर एक दाबून बसवलेले, तेलकट. झाकण निघताच ते फुगून वर आले.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला, शिवणयंत्राच्या खणात, औषधाची बाटली. आत कापलेली नखं. काही मुळासकट.

खिडकीवर पावडरचा डबा. हलवला तर खुळखुळला. दात. मोजले, सवयच आहे. वीस. अठरा दुधाचे आणि दोन मोठे, समोरचे, करवतीसारख्या कडांचे.

माळ्यावर मलमाची डबी. आत खपल्या. जखमांवरच्या. त्यातली एक माझ्या मोज्याला चिकटली आणि मी मोरीकडे धावले.

दाराशेजारच्या एक्स-रेच्या पाकिटात सगळ्यात वाईट प्रकार. सोलून निघालेली कातडी. पातळ, पिवळट, कांद्याच्या सालीसारखी. एका तुकड्यावर बोटांच्या टोकांच्या रेषा दिसत होत्या.

नवरा संध्याकाळी आला तशी त्याला धारेवर धरलं. तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडत राहिला. मग म्हणाला, ताईचं असेल. त्याला एक थोरली बहीण होती. सात वर्षांची होऊन गेली. लांबलेला ताप होता, केस-नखं सगळं गळायला लागलं आणि त्याच्या आईने त्यातलं काही टाकलं नाही. तो पाच वर्षांचा होता, त्याला मावशीकडे पाठवलं होतं. परत आला तेव्हा ताई नव्हती आणि ती खोली भरायला सुरुवात झाली होती. यापलीकडे त्याने कधी विचारलं नाही. विचारायचंही नव्हतं.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. मीही आईच आहे. चिमणीची पहिल्यांदा कापलेली एवढीशी वेणी माझ्या पर्समध्ये आहेच की. पण ते वेगळं. ती स्वच्छ आहे, रिबीन बांधलेली आहे.

हे असलं मात्र माझ्या लेकीच्या खोलीत एक दिवसही राहणार नाही. पाच ठिकाणची ही घाण एका जागी आणली. चिकटपट्ट्या आधीच सुटल्या होत्या, ओतून सगळं पत्र्याच्या एका ट्रंकेत भरलं, ट्रंकेला नवी चिकटपट्टी गुंडाळली, वर ‘टाकणे’ची लाल चिठ्ठी. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली, आता मंगळवारी. तोवर ट्रंक तिथेच कोपऱ्यात, रिकामे डबे भंगारवाल्यासाठी तिच्या शेजारी.

रविवार, ९ तारीख

खोली ओळखू येत नाही! खिडकी उघडली तर चक्क ऊन आलं. फरशी तीनदा पुसली. माझ्या आईने पाठवलेलं चिमणीचं पार्सल आलं, त्यातले फ्रॉक खणात लावले, तिचा ब्रश (केसांनी भरलेला, कितीदा सांगायचं या पोरीला!) आरशापुढे ठेवला, माझ्याकडची छोटी वेणीही कौतुकाने त्याच खणात ठेवली. फोनवर चिमणी किंचाळलीच आनंदाने. समोरचे दात पडलेत ना, ‘खिडकी’ म्हणताना अजूनही हवा सुटते तिची. आई म्हणाली की नवे आता येतीलच, हिरड्या शिवशिवतात तिच्या.

संध्याकाळी दुधात केस निघाला. लांब, तपकिरी. ओढत गेले, ओढत गेले, संपेना. सगळं दूध ओतलं.

सोमवार, १० तारीख

चमत्कारिकच. खोलीतला तो वास गेला. त्याऐवजी गोडसर वास येतोय, झोपेतून उठलेल्या मुलाच्या मानेला येतो तसा. छानच आहे खरं तर. मग मला उलटी का झाली?

काल मोरीत नखं कापली होती, उचलायची राहिली. आज जागेवर नाहीत. बोटाला ट्रंक लागली होती, त्या जखमेची पट्टी कचऱ्यात टाकली होती. तीही नाही. कंगवा साफ. नवऱ्याला विचारलं, तू उचललंस का? तो म्हणाला, मी या घरात एवढं आवरलं असतं तर तुला आणायची गरज काय होती?

चिमणीचा ब्रशही साफ. एक केस नाही त्यात.

आणि खणातली वेणी नाही. रिबीन आहे. गाठ तशीच.

मंगळवार, ११ तारीख

कचऱ्याची गाडी आली. ट्रंक उचलायला गेले आणि तोल जाऊन मागे पडले, इतकी हलकी. चिकटपट्टी जशीच्या तशी. कापून उघडली. रिकामी. तळाला फक्त तेलकट डाग. गुडघे पोटाशी घेऊन निजलेल्या पोराएवढा.

गाडीवाला खालून ओरडत होता, बाई, द्यायचंय का काही?

काहीच नव्हतं द्यायला.

नव्या गादीवर खड्डा पडलाय. हात लावला. ओलसर, कोमट. हाताला चिकट काहीतरी लागलं, दुधावरच्या सायीसारखं. दहा वेळा हात धुतले. अजून वास येतोय.

खोलीला कुलूप लावलं.

बुधवार, १२ तारीख

सासूबाईंना फोन केला. सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. त्यांनी एकच विचारलं, पाची एकत्र ठेवलेस? हो म्हटलं. किती दिवस? चार.

मग म्हणाल्या, तो पसारा नव्हता गं. भिंती होत्या. एकाला दुसऱ्याचा वास लागू नये म्हणून मी तीस वर्षं रचत होते.

डोळ्याला पट्टी आहे, तरी उद्या निघतात. तोवर दार उघडायचं नाही. आणि पोरीला आणू नका, काही झालं तरी आणू नका.

नवऱ्याला फोन लावला. लागत नाही. ऑफिसच्या कामाने बाहेरगावी जातो म्हणून सकाळीच गेलाय.

दाराआडून काहीतरी ऐकू येतं. ओल्या पायांनी फरशीवर चालल्यासारखं. पच, पच. मग थांबतं. दाराच्या फटीशी.

गुरुवार, १३, सकाळी अकरा

मी फिनेल आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते. वीस मिनिटं. फक्त वीस—

परत आले तर नवरा दारात उभा, तोंडभर हसू. ऑफिसचं काम खोटं होतं. मला चकित करायचं होतं म्हणून दोन दिवस आधीच चिमणीला घेऊन आला. प्रवासाने दमली होती, म्हणून खोली उघडून निजवली. कुलपाची दुसरी किल्ली त्याच्याकडे होती.

त्याला गाडी परत द्यायला जायची घाई. मी फिनेलची बाटली तिथेच टाकून बोळाकडे धावले. तो गेला.

खोलीचं दार उघडलं. ऊन पडलंय. गादीवर चादर ओढून चिमणी झोपली आहे.

दोन चिमण्या.

साडेअकरा

दोघी जाग्या झाल्या. दोघी मला बघून रडल्या. दोघी म्हणतात, आई, ही कोण?

उचलून घेववत नाही एकीलाही. काय लिहिते आहे मी! माझ्या लेकीला हात लावायची मला किळस वाटते आहे. तिच्या केसांची. तिच्या कोमट मानेची. कोणाची लेक, कोणाची मान—

खुणा बघायच्या. डोकं शांत ठेवून. कानामागे तीळ. दोघींना. गुडघ्यावर खपली. दोघींना. कोपराशी इस्त्रीचा डाग. दोघींना. आवडतं गाणं विचारलं, दोघींनी एका सुरात म्हटलं.

सात महिने. सात महिने मी तिला नीट बघितलेलंही नाही. बारा वर्षं हजारो बाटल्यांतून खोटी बाटली काढणारी बाई मी.

बारा

सासूबाई आल्या. दारातून एका डोळ्याने आत बघितलं. दार लावलं. मला स्वयंपाकघरात बसवलं. टेबलावर कात्री ठेवली.

सगळं सांगितलं. तापात पोरीचं जे जे गळलं ते त्यांनी मायेपोटी एका पेटीत जपलं. एक दिवस गादीवर दोघी दिसल्या. त्यांनी खुणा बघितल्या, अशाच. मग त्यांची खात्री पटली. कात्री चालवली.

गळलेल्याला रक्त नसतं, म्हणाल्या. तिला रक्त आलं.

उरलेली महिनाभर त्यांना आई म्हणत राहिली. मग कोरडी पडली, सुटत गेली. केस, नखं, दात. तिला पोरीचाच चेहरा होता, म्हणून टाकवलं नाही. पुन्हा जुळू नये म्हणून एकत्र ठेवलं नाही.

म्हणाल्या, लवकर ठरव. उशीर झाला की तीच ठरवते.

सव्वाबारा

दात! दातांचं सुचलंच नाही. दारातूनच बघून आले. एकीला समोर खिडकी आहे. दुसरीला दोन नवे, मोठे, अर्धे आलेले. आई म्हणाली होती नवे येतीलच. म्हणजे दातवाली माझी. दातवालीच माझी.

सासूबाई म्हणाल्या, माझीही अशीच खात्री होती.

थांब. पावडरच्या डब्यात. दोन मोठे. करवतीसारख्या कडांचे. मीच मोजले होते. म्हणजे खिडकीवाली माझी — म्हणजे दातवालीच ती —

खात्री आहे. आता आहे. कात्री घेते. खिडकीवालीला आधी बाहेर काढायचं, मग —

आतून हसू येतंय. खेळतायत?

हसू थांबलं.

दार वाजलं. आतूनच उघडलं. एकटीच येते आहे बोळातून. छातीशी बिस्किटांचा डबा धरलाय, दोन्ही हातांनी, जड आहे तिला. सासूबाईंनी तोंडावर हात घेतला. फरशीवर — डब्याच्या तळातून थेंब — लाल —

डबा खाली ठेवला. हात कमरेवर. म्हणते, आई, बघ! सगळं एका जागी —

हसते आहे. समोरचे दोन्ही मोठे दा